ऑफरचीही पट्टी असावी

पुण्यात राहत्या घराची पुनर्विक्री बहुधा दोन एजंटांच्या हातून होते. एक विकणाऱ्याचा, दुसरा घेणाऱ्याचा. घर पसंत पडले की घेणारा आपल्या एजंटाला एक आकडा सांगतो. तो एजंट दुसऱ्या एजंटाला फोन करतो आणि दुसरा एजंट तो आकडा मालकाच्या कानावर घालतो. मालकाचे उत्तर त्याच वाटेने उलट येते. आकडे जवळ आले म्हणजे दोन्ही पार्ट्यांची बैठक होते आणि टोकन दिले जाते. त्यानंतर विसार पावती किंवा समजुतीचा करार, वकिलाकडून कागदपत्रांचा शोध, वृत्तपत्रातील जाहीर नोटीस, साठेखत आणि शेवटी खरेदीखत. बैठकीनंतरचे प्रत्येक पाऊल कागदावर उमटते. बैठकीपूर्वीचे जवळजवळ सारे तोंडी राहते, आणि घराची किंमत खऱ्या अर्थाने ठरते ती याच तोंडी भागात.

व्यापारी कुटुंबांना यात काही वावगे वाटत नाही. रविवार पेठ, भवानी पेठ किंवा मार्केट यार्डात दुकान आणि बिबवेवाडी, मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्क अशा भागांत घर असणाऱ्या अनेक कुटुंबांचा धंदा शब्दावर उभा राहिला आहे. फोनवर भाव ठरतो, माल उतरतो, पैसे वायद्याप्रमाणे येतात. ज्याचा शब्द फिरला त्याच्याशी पुन्हा व्यवहार होत नाही, ही शिक्षा पुरेशी असते. परंतु हा विश्वास ज्या पायावर उभा आहे तो पाया घराच्या व्यवहारात नसतो. बाजारात तीच माणसे रोज भेटतात. घर मात्र एका कुटुंबाच्या आयुष्यात एकदा-दोनदाच विकले जाते. विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, आणि त्यांच्या एजंटांशीही पुन्हा गाठ पडेलच असे नसते. तेथे शब्द फिरला तर तो फिरल्याचे कळतसुद्धा नाही.

हे कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. समजा, बिबवेवाडीतील एक कुटुंब दोन खोल्यांचे जुने घर विकून मुलाच्या दुकानासाठी भांडवल उभे करू पाहते. एका बाहेरच्या एजंटाने आपल्या ग्राहकाची ९२ लाखांची ऑफर मालकाच्या एजंटाला फोनवर सांगितली. त्याच आठवड्यात मालकाच्या एजंटाने स्वतः शोधलेला दुसरा ग्राहक ९० लाख देण्यास तयार झाला. दलाली प्रत्येक बाजूकडून १ टक्का धरली, तर पहिल्या व्यवहारात मालकाच्या एजंटाला केवळ मालकाकडून ९२ हजार रुपये मिळतात. दुसऱ्या व्यवहारात दोन्ही बाजू त्याच्याच असल्याने ९० हजार अधिक ९० हजार, म्हणजे १ लाख ८० हजार मिळतात. ९२ लाखांचा निरोप त्याने मालकापर्यंत नेलाच नाही, तर त्याला ८८ हजारांचा लाभ होतो आणि मालकाचे २ लाख जातात. बाहेरच्या एजंटाला तो सांगतो, “मालक तयार नाहीत.” मालकाला तो सांगतो, “बाजार थंड आहे, ९० च्या वर कोणी जात नाही.” दोन्ही वाक्यांवर विश्वास ठेवला जातो, कारण ती पडताळून पाहण्याचे साधन दोघांकडेही नसते.

एजंट अप्रामाणिक नसला तरी दलालीच्या रचनेत एक कच्चा दुवा राहतोच. मालकाचे २ लाख बुडाले तरी १ टक्क्याच्या हिशेबाने एजंटाच्या दलालीत फरक पडतो तो अवघा २ हजारांचा. म्हणून शेवटच्या दोन लाखांसाठी आणखी पंधरा दिवस थांबण्यात मालकाला जितका रस असतो, तितका त्याच्या प्रतिनिधीला असेलच असे नाही. यात कोणाच्या नीतीवर शंका नाही. हिशेबाचा स्वभावच तसा आहे, आणि हिशेब समजणाऱ्या कुटुंबांनी तो आधीच ओळखून ठेवायला हवा.

कित्येकदा तर कोणाच्या मनात पाप नसताही निरोप बिघडतो. ऑफर म्हणजे केवळ आकडा नव्हे. किमतीत पार्किंग धरले आहे की नाही, किती रक्कम स्वतःची आणि किती बँकेच्या कर्जाची, कर्जाची पूर्वमंजुरी झाली आहे का, साठेखत किती दिवसांत, ताबा केव्हा, भिंतीतली कपाटे आणि पंखे राहणार की निघणार, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क कोण देणार, हे सारे त्या आकड्याला चिकटलेले असते. चार तोंडांतून जाताना अटी गळतात आणि आकडा तेवढा शिल्लक राहतो. मालक समजतो, पैसे महिन्यात येतील. घेणाऱ्याच्या मनात असते, कर्ज मंजूर झाल्यावर. मग बैठकीत खटके उडतात, टोकन परत मागितले जाते, आणि त्या टोकनाच्या भरवशावर मालकाने दुसरीकडे दिलेला शब्दही अडचणीत येतो.

कायद्याने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या चौथ्या कलमानुसार प्रस्ताव ज्याला करायचा त्याच्या ज्ञानात आला, की त्याचे निवेदन पूर्ण होते. त्याच कायद्याचे २२९ वे कलम सांगते, की प्रतिनिधीला त्याच्या कामकाजाच्या ओघात मिळालेली माहिती ही तिऱ्हाइताच्या दृष्टीने मालकाला मिळाल्यासारखीच धरली जाते. म्हणजे एजंट खरोखर मालकाचा प्रतिनिधी असेल, तर त्याच्या कानी पडलेली ऑफर मालकाच्या कानी पडल्याचे मानले जाऊ शकते, मालकाला तिचा पत्ता नसला तरीही. आपल्या वतीने निरोप कोण स्वीकारतो हे मालकाने किती जपून ठरवावे, याचे उत्तर या एका कलमात आहे.

२१६ वे कलम तर या विषयाच्या अगदी गाभ्याला हात घालते. मालकाला न कळवता प्रतिनिधीने त्याच कामात स्वतःचा व्यवहार साधला, तर त्यातला लाभ मागण्याचा हक्क मालकाला आहे. कायद्याच्या मजकुरात दिलेले उदाहरणही घराचेच आहे. एका माणसाने आपल्या प्रतिनिधीला एक विशिष्ट घर विकत घेण्यास सांगितले. प्रतिनिधीने ते घर मिळत नाही असे सांगितले आणि स्वतःसाठी विकत घेतले. हे उघडकीस आल्यावर, त्याने ज्या किमतीला घेतले त्याच किमतीला ते घर आपल्याला देण्यास तो माणूस त्याला भाग पाडू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही दडवलेल्या निरोपाचे हे दुखणे ठाऊक होते.

एजंटाच्या अधिकाराची मर्यादाही ठरलेली आहे. कलकत्त्यातील एका मालमत्तेच्या दलालीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसेन मित्तर या प्रकरणात निकाल दिला. ग्राहक आणून विक्रीची बोलणी करण्याचे काम दिले, एवढ्याने दलालाला मालकाच्या वतीने बंधनकारक करार करून टाकण्याचा अधिकार मिळत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मात्र तयार ग्राहक आणून दिल्याबद्दल त्याची दलाली मान्य केली. तात्पर्य असे, की “माझ्यावर सोपवा, झाले समजा” हे एजंटाचे शब्द म्हणजे मालकाचा होकार नव्हे. होकार मालकाचाच लागतो आणि तो घेणाऱ्यापर्यंत पोहोचावाही लागतो.

पोहोचणे म्हणजे काय, याविषयीचा देशातील प्रसिद्ध खटला महाराष्ट्रातील एका व्यापाऱ्यामुळेच उभा राहिला. अहमदाबादच्या एका पेढीने विदर्भातील खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी ऑइल मिल्सशी २२ जुलै १९५९ रोजी फोनवर सरकी पेंडीचा सौदा केला. माल आला नाही म्हणून ३१,१५० रुपयांचा दावा लागला. दावा अहमदाबादेत चालावा की खामगावच्या बाजूला, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६५ मध्ये न्यायालयाने बहुमताने ठरवले, की फोनवरील सौदा जेथे होकार ऐकला गेला तेथे, म्हणजे अहमदाबादेत झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे पडले. सौद्यानंतर सहा वर्षांनी ठरले ते इतकेच, की दावा कोणत्या गावी चालवायचा. तोंडी सौदा कायद्याने खोटा ठरत नाही. तो सिद्ध करण्यातच आयुष्याची वर्षे जातात.

होकाराबाबत आणखी एक नियम घरोघरी माहीत असायला हवा. सातव्या कलमानुसार होकार निरपवाद आणि बिनशर्त असावा लागतो. “९२ लाख मान्य, पण पार्किंगचे वेगळे” हा होकार नव्हे, तो नवा प्रस्ताव आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली हाइड विरुद्ध रेंच या खटल्यात हे एका शेतजमिनीवरून स्पष्ट झाले. मालकाने १,००० पौंड सांगितले आणि ग्राहकाने ९५० देऊ केले. मालकाने ते नाकारताच ग्राहक १,००० देण्यास तयार झाला. पण ९५० चे उत्तर देताच मूळ प्रस्ताव संपला होता, म्हणून न्यायालयाच्या मते करार झालाच नाही. घासाघीस करताना हातची ऑफर निसटू शकते, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे.

आजकाल निरोप व्हॉट्सॲपवर जातो, म्हणून तो लेखी झाला असा समज असतो. काही अंशी ते खरेही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०अ कलमानुसार केवळ इलेक्ट्रॉनिक साधनाने झाला म्हणून करार निष्फळ ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात असे संदेश पुरावा म्हणून दाखल करण्याची रीत आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र सांगितले आहे. पण “९२, बघा होतंय का” एवढ्या संदेशात कोणते घर, कोणाची ऑफर, कोणत्या अटी आणि कोठवर मुदत, यांतील काहीच नसते. संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल, तर उरलेला आधारही जातो.

‘रेरा’ आल्यावर एजंटांच्या व्यवसायाला शिस्त लागू लागली. नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे आणि हिशेबवह्या व कागदपत्रे जपून ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. २०२३ पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. परंतु हा कायदा मुख्यतः बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकल्पांसाठी आहे. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला जुने घर विकण्याच्या व्यवहारात दोन एजंटांनी ऑफर एकमेकांना कशी द्यावी, हे तो सांगत नाही. ती शिस्त मालकाने आणि ग्राहकाने स्वतःच लावायची आहे.

इतरत्र ही शिस्त नियमांत लिहिलेली आहे. ब्रिटनमध्ये १९९१ च्या आदेशानुसार मिळालेल्या ऑफरचा अचूक तपशील मालकाला तत्परतेने आणि लेखी न कळवणे ही एजंटाची अनिष्ट प्रथा मानली जाते. अमेरिकेत रिअल्टर मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत एक उपयुक्त तरतूद आहे. ऑफर आणणाऱ्या एजंटाने लेखी विचारणा केल्यास, ती ऑफर मालकासमोर ठेवल्याचे लेखी उत्तर मालकाच्या एजंटाला द्यावे लागते. एवढ्या एका उत्तराने निरोप मध्येच दडपण्याची वाट बंद होते.

व्यापारी परंपरेला ही गोष्ट परकी नाही. जुन्या बाजारपेठांत रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती. ज्याचा माल, त्या शेतकऱ्याला रुमालाखाली काय चालले आहे ते दिसत नसे. बाजार समित्यांच्या व्यवस्थेत ती मोडून उघडा लिलाव आला, आणि अडत्याने शेतकऱ्याला हिशेबपट्टी देण्याची रीत रुळली. वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती, हाती काय, हे पट्टीवर असते. हुंडीची भाषा तर याहूनही सावध होती. रकमेचा आकडा, तिचे निम्मे आणि त्या निम्म्याची दुप्पट असे तिहेरी लिहिले जाई, म्हणजे वाटेत कोणी आकडा बदलू नये. हुंडी गहाळ झालीच, तर पैठ आणि तीही गहाळ झाली तर परपैठ देण्याची सोय होती. पूर्वजांनी शब्दावर विश्वास ठेवला हे खरे, पण दूरच्या माणसाकडे आकडा पाठवताना त्यांनी तो नेहमी लिहून पाठवला. कांद्याच्या दहा पोत्यांची पट्टी मागणाऱ्या समाजाने ९२ लाखांच्या ऑफरची पट्टी मागू नये, हे विसंगत आहे.

लेखी द्यायचे म्हणजे सर्वांना दाखवायचे, असा मात्र त्याचा अर्थ नाही. अँटवर्पच्या हिरे बाजारात, जेथे अनेक जैन कुटुंबे व्यापार करतात, दलाल ग्राहकाची ऑफर लिहून हिऱ्यांचे पाकीट मोहोरबंद करतो. मालक हो किंवा नाही म्हणेपर्यंत ते पाकीट दुसऱ्या ग्राहकापुढे उघडत नाही. ऑफर मालकापर्यंत पूर्ण पोहोचावी आणि इतरांपासून झाकलेली राहावी, या दोन्ही गोष्टी त्या एका पाकिटाने साधतात. घराच्या बाजारात नेमके उलट घडताना दिसते. एकाची ऑफर मालकाला सांगण्याआधी दुसऱ्या ग्राहकाला सांगितली जाते, “समोरचा ९२ देतोय, तुम्ही ९३ करा.” कधी तर समोरचा कोणी नसतोच.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील तीन या ठिकाणी विचारात घेण्याजोगे आहेत. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे. न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या ठेवीतील काही भाग, ठेवणाऱ्याच्या विस्मरणाचा फायदा घेऊन दाबणे. साकारमंत्रभेद म्हणजे दुसऱ्याचे मनोगत ओळखून ते उघड करणे. अतिचार म्हणजे व्रताचा पूर्ण भंग नव्हे, त्याला लागलेला डाग. उघड खोटे न बोलताही सत्याला बाध येतो, हे आचार्यांनी किती बारकाईने पाहिले होते, ते यावरून समजते. एजंटाच्या कानी पडलेली ऑफर ही ठेवच आहे. ती घेणाऱ्याने ठेवली आणि तिचा हक्कदार मालक आहे. तिच्यातील दोन लाख किंवा दोन अटी मध्येच राहिल्या, तर त्या न्यासापहाराच्या किती जवळ जातात, याचा विचार प्रत्येक श्रावकाने करावा, मग तो एजंट असो, विकणारा असो वा घेणारा. अस्तेयाच्या अतिचारांत कमी-अधिक मापाने देणे-घेणे येते. निरोपालाही माप असते.

प्रत्यक्षात करायचे ते फार नाही. घेणाऱ्याच्या एजंटाने मालकाच्या एजंटाला एक पूर्ण संदेश किंवा पत्र द्यावे आणि त्याची प्रत आपल्या ग्राहकाला पाठवावी. मजकूर साधारण असा असावा : “अमुक सोसायटीतील अमुक सदनिकेसाठी माझ्या ग्राहकाची ऑफर ९२ लाख रुपये, पार्किंगसह. पैकी ६० लाख बँक कर्ज, पूर्वमंजुरी झालेली. मान्यतेनंतर २ दिवसांत १ लाख टोकन धनादेशाने. कागदपत्रांचा शोध समाधानकारक आल्यास ३० दिवसांत साठेखत. ताबा ३ महिन्यांत. सोसायटीचे हस्तांतरण शुल्क निम्मे-निम्मे. ही ऑफर येत्या शनिवारी सायंकाळी ६ पर्यंत खुली आहे. मालकांना कळवल्याचे कृपया लेखी सांगावे.” मुदत लिहिणे विशेष महत्त्वाचे, कारण सहाव्या कलमानुसार मुदत उलटली की प्रस्ताव आपोआप संपतो आणि ग्राहक दुसरे घर पाहण्यास मोकळा होतो. टोकन धनादेशाने किंवा बँकेतूनच द्यावे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने २०१५ पासून मनाई केली आहे.

मालकाने घर एजंटाकडे सोपवतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. आलेली प्रत्येक ऑफर, लहान असो वा मोठी, त्याच दिवशी जशीच्या तशी मालकाकडे पोहोचावी. एजंट दुसऱ्या बाजूकडूनही दलाली घेणार असेल, तर ते आधी सांगावे. होकार मात्र मालकाच्या स्वतःच्या लेखी शब्दानेच व्हावा. घर वडिलोपार्जित असेल आणि भावा-बहिणींचा त्यात हिस्सा असेल, तर ऑफरची प्रत सर्व हिस्सेदारांना मिळावी. पुढे “तेव्हा जास्त किंमत येत होती” ही कुजबुज घरात सुरू होते, ती बहुधा कोणी काही दडवल्यामुळे नव्हे, तर काही लिहिले न गेल्यामुळे.

प्रामाणिक एजंटाला या रीतीचे भय वाटण्याचे कारण नाही. दोन पार्ट्यांनी परस्पर भेटून त्याला वगळले, तर ग्राहक त्याने आणला होता याचा पुरावा तीच पट्टी देईल. मालकाने नंतर नाराजी दाखवली, तर आपण काहीच दडवले नाही हे त्याला तारीख आणि वेळेसह दाखवता येईल. ज्याला दोन्ही बाजूंकडून मनाजोगे बोलायचे आहे, त्यालाच ती अडचणीची वाटेल. एजंट निवडताना हीच कसोटी कुटुंबांनी लावावी. पहिल्याच भेटीत, आलेली ऑफर लेखी देणार का, हे विचारावे आणि उत्तर ऐकून मगच घराची किल्ली हातात द्यावी.